बुटात सापडलेला पैसा

शीर्षक वाचून कुणाला मेसच्या बिलाची सोय झाली असं वाटलं असेल तर आधीच माफी मागतो. हा पैसा चालणारा आहे. पहिला पाऊस पडला की मातीतून वर येतो, भिंतीच्या कडेने शेकडो पायांवर सरकत राहतो आणि काडीने डिवचला की गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून त्याचं नाव पैसा. कुठे त्याला वाणी म्हणतात, पुस्तकात मिलिपीड. तुम्ही सगळ्यांनी लहानपणी त्याला काडी लावलेली असणार. मीही लावली आहे. पण त्याच्याबद्दल कधी काही वाचावं असं वाटलं नव्हतं. वाचायला लागलो त्याला कारण घडलं.

आमचं घर मोडनिंबला, म्हणजे गावापासून दोनेक किलोमीटरवर वस्तीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोडनिंब माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर हायवेवर. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणारी रेल्वेही आमच्याकडे थांबते. सेमिस्टरच्या परीक्षा संपवून जूनमध्ये घरी गेलो होतो. मृगाचा पाऊस बऱ्यापैकी झालेला. शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. धाकटा चुलतभाऊ दुसरीत आहे. त्याचे बूट रात्रभर बाहेर ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेले. सकाळी काकूने मोजे घालून दिले, यानं घाईघाईत पाय कोंबले आणि रिक्षा येईपर्यंत अंगणात उड्या मारत बसला. थोड्या वेळाने ‘चावलं, चावलं’ म्हणून रडायला लागला. काकूला वाटलं शाळेची टाळाटाळ. दोन धपाटे देऊन तिने बूट काढले, मोजा काढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पिवळट-तपकिरी झालेली. तासाभरात तो रंग इतका गडद झाला की बोटं काळी पडलीत असंच वाटावं.

आजीने बघितलं मात्र, तिने हातातलं पीठ तसंच टाकलं. “आरं पान लागलंय पोराला! तात्या, गाडी काढ, बघत काय उभा राहिलाय!” आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. काकांनी सुतळी घेऊन घोट्याच्या वर करकचून बांधली. वडिलांनी मोटारसायकल काढली, मधे पोरगा, मागे काका. मी दुसऱ्या गाडीवर. आजी देवापुढे बसली. आमच्या वस्तीवर साप चावून माणूस गेलेला सगळ्यांनी बघितलाय, त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत कुणी कुणाशी बोललं नाही.

डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते सुतळी कापून टाकली. पायाकडे बघितलं, दाबून बघितलं, पोराच्या पापण्या बघितल्या, आणि विचारलं, “बूट कुठाय?” बूट कुणीच आणला नव्हता. मी परत वस्तीवर गेलो. बूट अंगणात तसाच पडलेला. आत हात घालायची माझी हिंमत झाली नाही हे इथे कबूल करतो. पिशवीत घालून आणला. डॉक्टरांनी वर्तमानपत्रावर बूट आपटला, तसा त्यातून चेंगरलेला पैसा पडला. दोन तुकडे झालेला, आणि कागदावर त्याच्याभोवती पिवळा डाग पसरत गेला. खोलीत एक उग्र वास आला. तो वास मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी साबण-पाण्याने पाय भरपूर धुवायला सांगितला, तरी पोराला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. थोडं रक्त घेऊन काचेच्या कोरड्या नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, वीस मिनिटांनी नळी तिरपी केली की रक्त पाण्यासारखं वाहतं. आमच्या नळीतलं रक्त छान गोठलं होतं. “बुटात पैसा सापडला म्हणून साप नव्हताच असं धरून चालत नाही,” डॉक्टर वडिलांना म्हणाले. मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या थिअरीच्या पेपरात असे मार्क मिळत नाहीत, पण प्रॅक्टिकलला मिळायला पाहिजेत.

जळजळ संध्याकाळपर्यंत गेली. रंग गेला नाही. साबण, खोबरेल, लिंबू, आजीची राख, सगळं झालं.

आता थोडं रसायनशास्त्र. मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, त्यांच्यासाठी पुढे जेट इंजिन आहे.

तो वास आठवला हॉस्टेलला परत आल्यावर, लॅबमध्ये. सेकंड इयरला ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला आम्ही हायड्रोक्विनोनचं ऑक्सिडेशन करून बेंझोक्विनोन केलं होतं. पिवळे सुईसारखे स्फटिक, नाकाला झोंबणारा वास, आणि ज्यांनी हातमोजे घातले नव्हते त्यांची बोटं पुढचे पंधरा दिवस तपकिरी. तेव्हा सर ओरडले होते. पैशाच्या अंगातून निघतं ते याच घराण्यातलं. लांब गोल शरीराच्या पैशांत बहुतेक करून मिथिल-बेंझोक्विनोन आणि त्याचा मेथॉक्सी भाऊ अशी जोडी असते. म्हणजे जे बनवायला आम्हाला पाच जणांचा ग्रुप आणि दोन तासांचं प्रॅक्टिकल लागलं, ते हा प्राणी कुजलेला पाला खाऊन शरीरात तयार करतो, आणि यील्डही आमच्यापेक्षा बरं असावं.

क्विनोनच्या कड्याला इलेक्ट्रॉनची भूक असते. कातडीतल्या प्रथिनांवर अमाइन आणि थायॉल असे गट असतात, त्यांच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन असतात. दोघांची गाठ पडली की सहसंयुज बंध तयार होतो. इथेच साबणाची गोची होते. साबण वर बसलेला मळ काढतो, बंध तोडत नाही. पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर न चिकटलेलं क्विनोन निघून जातं, पण एकदा ते प्रथिनाला जोडलं गेलं की ती कातडीच झडून नवी येईपर्यंत वाट बघायची. पोराच्या पायावर एका अर्थाने रंगकाम झालं होतं.

हे वाचताना मला जे सापडलं त्याने मी वाचनालयात एकटाच हसलो. मेंदी! मेंदीच्या पानातला रंग म्हणजे लॉसोन, आणि लॉसोन म्हणजे हायड्रॉक्सी-नॅफ्थोक्विनोन. तेही क्विनोनच, फक्त एक कडं जास्त. तेही कातडीतल्या केराटिनला असंच जाऊन चिकटतं, म्हणून मेंदी धुऊन जात नाही. मेंदी वाटायची, लिंबू पिळायचं, रात्रभर ठेवायची, हे सगळं लॉसोन पानातून बाहेर यावं म्हणून. लग्नात नवरीच्या हातावर जे होतं आणि आमच्या पोराच्या अंगठ्यावर जे झालं, त्या दोन्हीची अभिक्रिया एकाच जातीची. फरक मात्रेचा आणि रेणूच्या स्वभावाचा. लॉसोन सौम्य आहे, पैशाचं क्विनोन भांडखोर.

आणखी दोन उदाहरणं देतो, दोन्ही मेसमधली. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, कारण त्याच्या पेशीतल्या फिनॉलचं हवेने आणि विकराने क्विनोन होतं. म्हणून आई चिरलेलं वांगं लगेच मिठाच्या पाण्यात टाकते. दुसरं, मेसच्या स्वयंपाकघरात रात्री कधी पांढरंशुभ्र झुरळ दिसलंय का? ते वेगळ्या जातीचं नसतं. नुकती कात टाकलेलं असतं. काही तासांत त्याचं कवच क्विनोनने टॅन होतं, कडक आणि तपकिरी होतं. चामडं कमावण्याची हीच कल्पना. थोडक्यात, कीटकांच्या जगात क्विनोन हा घरात कायम असणारा माल. कुणीतरी कधीतरी तो शस्त्र म्हणून वापरणार हे ओघाने आलंच.

पैशाच्या अंगाच्या बहुतेक कड्यांवर दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र असतं. ग्रीकवरून त्याला ओझोपोर म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत वासाचं छिद्र. आत ग्रंथी, तिला लागून छोटी पिशवी, तोंडाला झडप. प्राणी दबला की झडप उघडते. चपट्या पाठीचे जे पैसे असतात त्यांचं तंत्र याहून वरचं आहे. त्यांच्या ग्रंथीत दोन कप्पे. मागच्या कप्प्यात मँडेलोनायट्राइल साठवलेलं, पुढच्यात विकर. मधली झडप उघडली की दोघं मिसळतात आणि बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होतं. बेंझाल्डिहाइडचा वास बदामाच्या इसेन्ससारखा. सायनाइड साठवून ठेवणं धोक्याचं, म्हणून कच्चा माल साठवायचा आणि गरजेपुरतं जागेवर तयार करायचं. आमच्या प्लँट सेफ्टीच्या विषयात धोकादायक माध्यमिक पदार्थांचा साठा कमी ठेवा असं एक तत्त्व शिकवतात. हे तत्त्व आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, हा प्राणी ते कोट्यवधी वर्षं पाळतोय.

एवढं वाचून मी थांबलो असतो. पण पैशाबद्दल वाचताना वारंवार एक दुसराच प्राणी मधे यायचा, हार्वेस्टमन. तेच क्विनोन, तशीच वासाची छिद्रं, पण प्राणी मात्र पैशाच्या कुळातला नाही. विंचू, कोळी, गोचीड, मृगाचा लाल मखमली किडा यांच्या अष्टपाद कुळातला.

ऑगस्टमध्ये हॉस्टेलची दहा-बारा पोरं भीमाशंकरला गेलो. आमच्या उजनीच्या धरणात जी भीमा येऊन साठते ती तिथून निघते, हे भूगोलात शिकलेलं होतं, पण तिथला पाऊस अंगावर घेतल्यावर कळतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे तेवढा एका आठवड्यातही पडू शकतो. वाटेत एक कुजका ओंडका उलटला, तेव्हा त्याखाली तो होता. वाटाण्याएवढं अंग आणि त्याला तारेसारखे लांब आठ पाय. मित्र म्हणाला, कोळी आहे, सोड. मी चिमटीत धरायला गेलो. अंग निसटलं, एक पाय माझ्या चिमटीत राहिला, आणि तो सुटा पाय एकटाच आखडत-पसरत राहिला. त्याच वेळी बोटांना तिखट, नाकात चढणारा वास आला. नाकाने संयुग ओळखता येत नाही, त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. पण बुटाची आठवण झाली एवढं खरं.

हा कोळी नाही. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग दिसतात, मधे कंबर असते. याचं अंग एकसंध. कोळ्याला बहुधा आठ डोळे, याला पाठीवरच्या एका उंचवट्यावर दोन. याला जाळं विणता येत नाही कारण रेशीम नाही, आणि विषग्रंथीही नाहीत. ‘जगातला सगळ्यात विषारी, पण दात छोटे म्हणून चावता येत नाही’ अशी एक गोष्ट लांब पायांच्या प्राण्यांबद्दल सगळीकडे फिरत असते, ती थाप आहे. आपल्या बाथरूमच्या कोपऱ्यात उलटा लटकून थरथरतो तो लांब पायांचा प्राणी मात्र खरोखर कोळीच. त्याला उगाच झाडू मारू नका, तो डास खातो.

हार्वेस्टमन हे इंग्रजी नाव सुगीच्या दिवसांत जास्त दिसतो म्हणून पडलं. जर्मन भाषेत त्याला वेबरक्नेख्ट म्हणतात, म्हणजे विणकराचा गडी. सोलापूरकरांना हे नाव आवडायला हरकत नाही, फक्त हा गडी आयुष्यात एक धागा विणत नाही. जगात याच्या साडेसहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या दगडात याचा सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडलाय, आणि तो बघून आजचाच प्राणी वाटावा. डायनोसॉर यायच्या कितीतरी आधी याचं डिझाइन फ्रीज झालं होतं. दुसऱ्या जोडीचे पाय सगळ्यात लांब, ते चालायला कमी आणि चाचपडायला जास्त. आंधळा माणूस काठी टेकत जातो तसा तो ते पाय पुढे टेकत जातो. अंगातलं पाणी लवकर सुकतं म्हणून ओल लागते. मोडनिंबच्या माळावर मला आजवर एकही दिसला नाही याचं कारण हेच असावं.

याच्या अंगाच्या पुढच्या भागात, पायांच्या मुळाशी, दोन बाजूंना दोन छिद्रं असतात. प्रत्येकामागे एक पिशवी. पैशासारखी डझनावारी छिद्रं नाहीत, फक्त दोनच. पण ही दोन छिद्रं म्हणजे या गणाची ओळख आहे, लहान-मोठ्या सगळ्या हार्वेस्टमनना ती असतात.

या पिशवीत काय असतं याचा पहिला नीट शोध लागला तो दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे. क्लेमेंते एस्ताब्ले आणि मारिया इनेस आर्दाओ यांनी तिथल्या एका जातीचा स्राव गोळा केला तेव्हा त्याने जीवाणूंची वाढ थांबते असं दिसलं. ते वर्ष पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या यशानंतरचं, सगळ्या जगाला नवी प्रतिजैविकं हवी होती. त्यांनी या द्रवाला गोनिलेप्टिडिन असं औषधाला शोभेल असं नाव दिलं. 1955 आणि 1956 साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यावर लेख आले, त्यात हार्वर्डचे लुई फीझर सहभागी होते. घटक निघाले डायमिथिल आणि ट्रायमिथिल बेंझोक्विनोन. औषध झालं नाही. जे जंतूच्या प्रथिनाला चिकटतं ते रोग्याच्याही प्रथिनाला चिकटणार, क्विनोन निवड करत नाही.

हे फीझर म्हणजे ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, नापाम बनवलं तेच. आणि 1939 साली व्हिटॅमिन के प्रयोगशाळेत तयार करणाऱ्यांतही तेच. व्हिटॅमिन के हेही नॅफ्थोक्विनोन, आणि त्याच्याशिवाय रक्त गोठत नाही. म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांच्या नळीत रक्त गोठलं त्यामागे एक क्विनोन होतं आणि पोराचा अंगठा काळा झाला त्यामागे दुसरं. एकाच माणसाने दोन्हीकडे हात घातलेला आहे.

नुसता स्राव असून भागत नाही, तो शत्रूवर टाकायचा कसा हा खरा प्रश्न. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. 1971 साली टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या व्होनोनेस नावाच्या हार्वेस्टमनबद्दल लिहिलं. त्यावर मुंग्या चढल्या की तो आधी तोंडातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव बाहेर काढतो. मग ग्रंथीतलं क्विनोन त्यात सोडतो. मग पुढच्या पायाची टोकं त्या मिश्रणात बुडवतो आणि ज्या मुंगीने धरलंय तिच्या अंगाला ब्रशने रंग लावावा तसं लावतो. मुंगी सोडून देते आणि अंग पुसत बसते.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला अडचण नाही. औषधाची बाटली घट्ट असते, कोणी ती तशीच पिकावर ओतत नाही. पंपात पाणी घेतो, झाकणाने मोजून औषध टाकतो, ढवळतो आणि जिथे कीड आहे तिथे नळी धरतो. हार्वेस्टमनकडे बाटली ग्रंथीत, पाणी तोंडात आणि नळी पायाला. घट्ट माल थोडासाच लागतो, त्यामुळे पिशवी लहान असली तरी चालते, आणि फवारा हवेत उडवण्यात वाया जात नाही. मुंगी एका बाजूला असेल तर माल त्याच बाजूला लावायचा. माझ्या मते सगळ्या प्राणिजगात याहून काटकसरी फवारणी पंप शोधणं अवघड जाईल.

सगळे हार्वेस्टमन क्विनोनच वापरतात असंही नाही. लांब पायांच्या एका मोठ्या गटात कीटोन सापडतात. काहींमध्ये नॅफ्थोक्विनोन, म्हणजे मेंदीचे चुलतभाऊ. काहींमध्ये फिनॉल. अमेरिकेतल्या काही जातींच्या स्रावात तर निकोटिन मिळालंय. हॉस्टेलच्या गच्चीवर जमणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी, झाड आणि किडा या दोघांनीही निकोटिन बनवलं ते दुसऱ्याने आपल्याला खाऊ नये म्हणून. ब्राझीलमध्ये गुहांच्या तोंडाशी हार्वेस्टमन शेकड्याने गोळा होऊन बसतात. 2002 साली तिथल्या संशोधकांनी त्यांच्यापुढे त्यांच्याच ग्रंथीतला स्राव धरला तेव्हा अख्खा घोळका उधळला. म्हणजे एकाने सोडलेला वास बाकीच्यांना ‘पळा’ असंही सांगतो. हॉस्टेलमध्ये रेक्टर जिन्यावर आले की जशी शिट्टी वाजते, तशातलं.

जेट इंजिन म्हणालो होतो. बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पिशवीत ठेवतो, विकर शेजारच्या जाड भिंतीच्या कप्प्यात. मिसळल्यावर स्फोट होतो आणि सुमारे शंभर अंश सेल्सिअसचं क्विनोन नेम धरून बाहेर फेकलं जातं. 1990 साली आयस्नर यांच्या गटाने एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांच्यासोबत दाखवलं की हा फवारा सलग नसतो, सेकंदाला पाचशेच्या आसपास ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला दाब वाढतो, आतली झडप बंद होते, दाब उतरला की उघडते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-1 बॉम्बचं पल्स जेट याच तत्त्वावर चालायचं. सेमिनारला विषय शोधणाऱ्या मेकॅनिकलच्या पोरांनी यावर विचार करायला हरकत नाही, दरवर्षी तोच तो हायब्रिड कारचा विषय ऐकून सरही कंटाळलेत.

हे सगळं स्वतःच्या अंगात ठेवून प्राणी स्वतः कसा वाचतो, असं मला वायवाला विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. आता सांगू शकतो. साठवणीच्या पिशवीला आतून कायटिनच्या आवरणाचं अस्तर असतं, टाकीला आतून लायनिंग असतं तसं. जिवंत पेशींशी माल थेट येत नाही. आणि बेडकाला, आपल्याला तो झोंबतो कसा, तर मोहरीचा झणका ज्या दाराने मेंदूपर्यंत पोचतो त्याच दाराने. चेतापेशींवर टीआरपीए-1 नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्यावर थायॉलचे गट असतात. क्विनोन तिथेही जाऊन चिकटतं आणि मेंदूला आग लागल्याचा निरोप जातो. अर्थात प्रत्येक कुलपाला किल्ली निघते. ढेकणाच्या जातभाईंतली शिकारी किड्यांची एक शाखा खास पैशांवरच जगते. आणि व्हेनेझुएलातली कापुचिन माकडं तर पैसा पकडून अंगाला चोळतात, डास लांब राहावेत म्हणून. ओडोमॉसचा खर्च वाचतो.

व्यवहाराचं दोन ओळीत सांगतो, कारण पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या तळमजल्यावरही पैसे निघतात. हाताने चिरडू नका, तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, तिथे डागावर भागत नाही, बुबुळाला जखम होऊ शकते. ट्यूबलाइटखाली येणारा लाल-काळा बारीक ‘ॲसिड किडा’ हे वेगळं प्रकरण आहे. त्याच्या ग्रंथीत काही नसतं, विष रक्तात असतं आणि तेही त्याच्या शरीरातल्या जीवाणूने बनवलेलं. तो मानेवर बसला तर फुंकर मारा, चापट मारू नका. गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या तिघांनी चापट मारली आणि तिघंही आठवडाभर कॉलर वर करून हिंडत होते.

आणि बूट झटकून घाला. हे सांगायला खरं तर एवढ्या लांबचा लेख लागत नाही.

गणपतीला घरी गेलो तेव्हा पोराच्या अंगठ्यावरचा काळा रंग फिकट चहासारखा उरला होता, नखाच्या कडेला थोडा जास्त. शाळेत त्याने आपल्याला नाग चावला होता असं सांगून बरंच वजन मिळवलेलं. मी त्याला मेंदीची गोष्ट सांगितली तर तो चिडला, मेंदी मुली लावतात म्हणाला. आजीला मात्र पटली. तिने त्याचा पाय मांडीवर घेतला, उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “रंग लई धरलाय की रं. आमच्या येळंला माझ्या हाताला बी एवढा धरला न्हवता.”

दिवाळीच्या सुट्टीत बघितलं तेव्हा डाग पूर्ण गेला होता. बूट अजून ओट्यावरच असतात, पण आता रोज सकाळी काकू ते उंबऱ्यावर दोनदा आपटते आणि पोरगा त्यात टॉर्च मारून बघतो.

— तृतीय वर्ष, रसायन अभियांत्रिकी